हरवलेला तोल पुन्हा शिकताना

सरळ उभा असलेला माणूस वरवर स्थिर दिसला तरी सतत किंचित डुलत असतो. हा डोल आवरण्यासाठी मेंदूला तीन वाटांनी माहिती मिळते. एक डोळ्यांकडून, दुसरी आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांकडून, आणि तिसरी तळपाय, घोटे व पिंढऱ्यांकडून. भार टाचेवर आहे की चवड्यावर, घोटा किती वाकला आहे, पायाखाली फरशी आहे की भुसभुशीत माती, ही खबर तिसऱ्या वाटेने येते. पक्क्या जमिनीवर उभे असताना मेंदू याच वाटेवर सर्वाधिक विसंबतो.

पायाच्या बोटांपर्यंत पोहोचणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब, सुमारे एक मीटरचे असतात. मधुमेह, दीर्घकाळचे मद्यपान, ब१ किंवा ब१२ जीवनसत्त्वाची कमतरता, कर्करोगावरची काही औषधे अशा कारणांनी मज्जातंतूंना इजा होऊ लागली की बहुधा आधी बोटे आणि तळपाय बिघडतात. प्रथम मुंग्या आणि जळजळ, मग बधिरपणा. पाऊल कापसावर पडते आहे असे वाटणे. पायातली चप्पल कधी निसटली ते न कळणे. याला पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. दिवसाउजेडी असा माणूस बरा चालतो, कारण डोळे पायांची उणीव भरून काढतात. रात्री वीज गेली, किंवा न्हाणीघरात तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की तोल जातो.

डोळे मिटण्याचा आणि तोल जाण्याचा हा संबंध वैद्यकाच्या लक्षात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स बेल यांनी 1826 मध्ये असे मांडले की मेंदू आणि स्नायू यांच्यामध्ये मज्जातंतूंचे एक वर्तुळच असते: हुकूम एका तंतूने जातो आणि स्नायूची अवस्था दुसऱ्या तंतूने परत कळते. त्यानंतर दहा वर्षांनी, 1836 मध्ये, मार्शल हॉल या इंग्रज वैद्याने अशा एका रुग्णाची नोंद केली की जो नजर जमिनीवर ठेवून नीट चालायचा, पण अंधारात धडपडायचा. काळोखात आपले पाय कुठे आहेत तेच कळत नाही, अशी त्याची तक्रार होती. बर्लिनचे मोरित्झ हाइनरिख रोम्बर्ग यांनी मज्जासंस्थेच्या रोगांवरचा आपला ग्रंथ 1840 ते 1846 या काळात खंडाखंडांनी प्रसिद्ध केला. पाय जुळवून उभ्या असलेल्या रुग्णाला डोळे मिटायला सांगितले की तो हेलकावे खाऊ लागतो, हे त्यांनी त्यात नेमकेपणाने सांगितले. आजही मज्जाविकारतज्ज्ञ हीच चाचणी घेतात, आणि तिला रोम्बर्ग यांचेच नाव आहे. तिच्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. लागते ती एवढीच दक्षता की तपासणाऱ्याने रुग्ण पडणार नाही इतक्या जवळ उभे राहावे.

रोम्बर्ग यांच्यासमोर आलेले रुग्ण मुख्यतः टेबीझ डॉर्सॅलिस या रोगाचे होते. उपदंशाचा संसर्ग होऊन अनेक वर्षे लोटल्यावर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा मागचा भाग आणि त्यात शिरणारी संवेदनांची मुळे झिजत. म्हणजे बिघाड पायांतल्या तंतूंत नव्हे, तर ते तंतू जिथे खबर पोहोचवतात तिथे असे. रुग्णाच्या दृष्टीने परिणाम मात्र सारखाच: पायांची खबर मेंदूला मिळेनाशी होई. फ्रान्समधील ड्युशेन द बूलोन्य यांनी 1858-59 मध्ये या रोगाचे सविस्तर वर्णन केले आणि एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. या रुग्णांच्या स्नायूंत ताकद शाबूत असते. बसल्या जागी त्यांचा पाय जोराने दाबून पाहिला तर तो वाकत नाही. तरी चालताना तो फार वर उचलला जातो आणि टाच जमिनीवर आपटते. दोष बळाचा नसून बळ कुठे आणि किती लावायचे हे न कळण्याचा आहे. तोल सुधारण्याच्या सगळ्या उपायांचा पाया याच निरीक्षणात आहे, पण त्याचा उपयोग करण्याचे कोणाला सुचायला आणखी तीस वर्षे लागली.

मधल्या काळात जे उपाय झाले ते वाचताना रुग्णांविषयी कळवळा दाटून येतो. सिल्व्हर नायट्रेट पोटात दिले गेले. 1879 मध्ये बर्लिनमध्ये लांगेनबुख या शल्यचिकित्सकाने मांडीतला मोठा मज्जातंतू उघडा करून तो ताणण्याची शस्त्रक्रिया केली, आणि काही वर्षे तिचा बराच बोलबाला झाला. ओडेसाचे मोचुत्कोव्स्की यांनी रुग्णाला हनुवटी आणि काखांखाली पट्टे बांधून लटकवण्याची पद्धत सुरू केली. मज्जारज्जू ताणला गेला की रोग हटेल, अशी कल्पना होती. 1889 मध्ये पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को यांनी ती उचलून धरल्यावर युरोपभर रुग्ण टांगले जाऊ लागले. कादंबरीकार आल्फाँस दोदे हे त्यांपैकीच एक. त्यांनी या आजाराच्या काळात लिहिलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर 1930 मध्ये पुस्तकरूपाने आली, आणि रोगाच्या वेदना आतून कशा असतात याचा तो आजही एक अस्सल दस्तऐवज आहे. टांगण्याची पद्धत काही वर्षांतच मागे पडली. या साऱ्या उपायांत रुग्णाकडे निमूट सोसण्यापलीकडे काही काम नव्हते.

तो विचार बदलला स्वित्झर्लंडमधल्या हायडेन या लहानशा गावात. कॉन्स्टन्स सरोवराच्या वर डोंगरउतारावर वसलेले हे गाव हवापालटासाठी प्रसिद्ध होते. रेडक्रॉसचे प्रवर्तक आंरी द्युनां यांनी आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे इथेच काढली. याच गावात 1860 मध्ये जन्मलेले हाइनरिख फ्रेंकेल हे शिक्षण संपवून फ्राइहोफ या आरोग्यधामात डॉक्टर म्हणून काम करू लागले. 1880च्या दशकाच्या अखेरीस ते एका रुग्णाला तपासत होते. डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावण्याची नेहमीची चाचणी त्यांनी घेतली. ती त्या रुग्णाला अजिबात जमली नाही. काही महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हा तेच त्याने बऱ्यापैकी करून दाखवले. रोग तर मागे हटलेला नव्हता. विचारल्यावर उलगडा झाला: पहिल्या वेळी आलेले अपयश मनाला लागल्याने रुग्णाने घरी जाऊन त्याच हालचालीचा पुनःपुन्हा सराव केला होता.

एखाद्या घाईच्या डॉक्टरने हे कौतुकाने ऐकून सोडून दिले असते. फ्रेंकेल यांनी त्यातून सिद्धान्त काढला. तंतू मेले असले तरी सगळे मेलेले नसतात. जी थोडी खबर अजून येते ती ओळखायला मेंदू शिकू शकतो. आणि राहिलेली उणीव डोळ्यांनी भरून काढता येते. हा शोध मुळात एका रुग्णाचा होता, हे या इतिहासात ठळकपणे सांगायला हवे. 1890 मध्ये फ्रेंकेल यांनी म्युनिकच्या वैद्यकीय साप्ताहिकात आपली पद्धत मांडली, 1900 मध्ये तिच्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला आणि 1902 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. शार्को यांच्यानंतर साल्पेट्रिएरची सूत्रे सांभाळणारे फुल्जाँस रेमों यांनीही ही पद्धत आपल्याकडे आणली. ज्या रुग्णालयात काही वर्षांपूर्वी रुग्ण टांगले जात होते, तिथे आता ते जमिनीवरच्या रेघांवरून पाऊल टाकायला शिकू लागले.

फ्रेंकेल यांच्या व्यायामांचा क्रम पडून, बसून, उभे राहून आणि चालत असा चढत जातो. पाठीवर निजलेला रुग्ण डोके उंच उशीवर ठेवतो, म्हणजे त्याला आपले पाय दिसतात. मग एक टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकवायचा आणि परत सरळ करायचा, तेही मोजलेल्या संथ लयीत. पुढे टाच दुसऱ्या गुडघ्यावर अचूक ठेवायची, नडगीवरून खाली सरकवायची, सांगितले की मध्येच थांबवायची. हे मध्येच थांबवणे सर्वांत अवघड, कारण वेगात निघालेली हालचाल बेफिकिरीनेही पुरी होते, पण थांबायला नेमका ताबा लागतो. बसलेल्या रुग्णाला जमिनीवर खडूने काढलेल्या खुणेवर पाऊल टेकवायचे असते. उभ्या रुग्णाला रंगवलेल्या पावलांच्या ठशांवरून, नागमोडी रेषेवरून, वळणावरून चालायचे असते. हातांसाठी भोके पाडलेले फळे आणि त्यांत बसवायच्या खुंट्या होत्या.

यात ताकदीला जागा नव्हती. प्रत्येक हालचाल तीन-चार वेळाच करायची, मध्ये विसावा घ्यायचा, दमण्याआधी थांबायचे. दमलेला स्नायू चुकीचे शिकतो आणि त्या चुकीचीच सवय जडते, असे फ्रेंकेल यांचे मत होते. रुग्णाचे पूर्ण लक्ष हालचालीवर असले पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष असे. आज मेंदूच्या घडणक्षमतेविषयी पुष्कळ बोलले जाते. त्यासाठी लागणारी यंत्रे आणि शब्द हाती नसताना केवळ निरीक्षणावर उभारलेली ही पद्धत त्या विचाराची स्पष्ट पूर्वसूचना ठरते.

याच सुमारास हेही कळू लागले की टेबीझसारखी दिसणारी प्रत्येक चाल उपदंशाची नसते. ज्यूल देजेरिन यांनी 1880च्या दशकात दाखवले की मज्जारज्जू धडधाकट असताना केवळ हातापायांतले तंतू बिघडूनही तशीच चाल येऊ शकते. मद्यपींमध्ये असे रुग्ण पुष्कळ सापडत. मधुमेहामुळे मज्जातंतू बिघडतात, हा विचार मार्शाल द काल्वी यांनी 1864 मध्येच मांडला होता. परंतु इन्सुलिनपूर्व काळात गंभीर मधुमेहाचे रुग्ण फार काळ जगत नसत. 1922 मध्ये इन्सुलिनचा वापर सुरू झाल्यावर आयुष्य वाढले आणि त्याबरोबर तंतूंना झिजायला वेळही मिळाला. उलट पेनिसिलिन 1940च्या दशकात उपदंशावर लागू पडले आणि टेबीझ दुर्मीळ झाला. ज्या रोगासाठी फ्रेंकेल यांचे व्यायाम जन्मले तो जवळजवळ नाहीसा झाला, पण व्यायाम टिकले आणि लहान मेंदूचे विकार व न्यूरोपथी यांच्याकडे वळले. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. तेव्हापासून आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी हे व्यायाम पाठ्यपुस्तकांतून, विशेषतः डीना गार्डिनर यांच्या व्यायामोपचारावरील पुस्तकातून, आत्मसात केले आहेत.

भारतात बधिर पायांचा मोठा अनुभव आला तो कुष्ठरोगातून. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 मध्ये सुरू केलेले कुष्ठधाम आणि वरोऱ्याला बाबा आमटे यांनी उभारलेले आनंदवन यांमुळे महाराष्ट्राला हा विषय जवळचा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात 1946 मध्ये आलेले पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने सडून गळत नाहीत. वेदना कळत नसल्याने झालेल्या जखमांकडे दुर्लक्ष होते आणि त्यातून ती झिजतात. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या एमसीआर चपला त्यातूनच रुळल्या. ब्रँड 1966 मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिल येथे गेले, आणि तिथे कुष्ठरोगातले हे ज्ञान मधुमेही पायांसाठी वापरात आले. आज मधुमेहाच्या दवाखान्यात तळपायाला टेकवला जाणारा दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागाही त्याच मार्गाने आला आहे.

तोलाच्या बाबतीत मात्र हे दोन रोग सारखे नाहीत. कुष्ठरोगात मुख्यतः त्वचेजवळचे बारीक तंतू जातात; सांध्यांच्या स्थितीची जाण बहुधा शिल्लक राहते, म्हणून तळवा बधिर असलेला कुष्ठरुग्णही पुष्कळदा अंधारात सावरून चालतो. मधुमेहात जाड तंतूही बिघडतात, आणि तोल त्यांच्यावरच अवलंबून असतो. पादत्राणांतही एक पेच आहे. मऊ, जाड तळवा त्वचेला जपतो, पण जमिनीची उरलीसुरली खबरही गिळून टाकतो. वयस्क पुरुषांवर झालेल्या आणि 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पातळ आणि कठीण तळव्याच्या बुटांत तोल अधिक चांगला राहिला. जखम टाळायची की पडणे टाळायचे, याचा निवाडा प्रत्येक पायापुरता वेगळा करावा लागतो.

तोल मोजण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत वेअर मिचेल आणि मॉरिस लुईस यांनी 1886 मध्ये उभ्या माणसाचा डोल मोजून नोंदवला. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये स्नायू व सांध्यांतून येणाऱ्या अंगस्थितीच्या जाणिवेला स्वतंत्र संवेदनेचे स्थान दिले. 1970च्या दशकापासून लुईस नॅशनर यांनी हलत्या फळीवर माणसे उभी करून ती तोल कशी सावरतात ते टिपले. लहान धक्का बसला तर निरोगी माणूस घोट्यातून सावरतो. मोठा बसला तर कमरेतून वाकतो. नॅशनर, फे होराक आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या घोट्यांभोवती पट्टे आवळून पाय तात्पुरते बधिर केले, तेव्हा तीही कमरेतून सावरू लागली. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने न्यूरोपथीच्या रुग्णाची ती ओळखीची वाकडीतिकडी धडपड समजावून दिली. पुढे असेही दिसले की मधुमेही न्यूरोपथीत पायाच्या स्नायूंचा प्रतिसाद 20 ते 30 मिलिसेकंद उशिरा सुरू होतो. ठेच लागल्यावर सावरायला एवढा उशीरही महागात पडतो. पीटर कॅव्हाना आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये नोंदवले की न्यूरोपथी असलेल्या मधुमेहींना उभे असताना वा चालताना इजा होण्याचे प्रमाण न्यूरोपथी नसलेल्यांच्या सुमारे पंधरापट होते.

मग सराव करून हे सुधारते का? जेम्स रिचर्डसन यांच्या गटाने 2001 मध्ये मधुमेही न्यूरोपथीच्या थोड्या रुग्णांना तीन आठवडे घोट्यांचे व्यायाम दिले: चवड्यांवर आणि टाचांवर उभे राहणे, पाऊल आत-बाहेर वळवणे, भिंतीला पाठ लावून खाली-वर सरकणे, आधाराशेजारी एका पायावर उभे राहणे. एका पायावर उभे राहण्याचा काळ वाढला आणि एकापुढे एक पाऊल ठेवून उभे राहणेही सुधारले. इथे फ्रेंकेल यांच्या पद्धतीत एक भर पडली. टेबीझमध्ये बळ शाबूत असे. न्यूरोपथीत घोट्याचे स्नायूही अशक्त होतात, म्हणून नेमकेपणाबरोबर ताकदही कमवावी लागते.

त्याच काळात दुसरा एक अडसर होता. पाय बधिर असेल तर उभ्याने व्यायाम नको, जखमा होतील, असा सल्ला रूढ होता आणि त्यापायी अनेकांनी चालणेच सोडले. मिसुरीतल्या ‘फीट फर्स्ट’ या चाचणीने 2008 मध्ये दाखवले की नीट देखरेखीखाली चालण्याफिरण्याचा दिनक्रम वाढवला तरी तळपायाच्या जखमा वाढत नाहीत. त्याच चाचणीचा 2010चा निष्कर्ष मात्र सावध करणारा आहे: 79 रुग्णांच्या त्या गटात पडण्याच्या संख्येत ठळक फरक दिसला नाही. तोलाच्या चाचण्यांत मिळवलेली सुधारणा आणि ओल्या फरशीवर न पडणे यांत अंतर आहे, आणि ते सांगितल्याशिवाय रुग्णाला दिलेला दिलासा अर्धवट राहतो.

सराव किती दूर नेऊ शकतो याची टोकाची साक्ष एका इंग्रज तरुणाची आहे. 1971 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका संसर्गानंतर मानेखालच्या शरीरातील स्पर्श आणि अंगस्थितीची जाण त्याने कायमची गमावली. स्नायूंना हुकूम देणारे तंतू शाबूत होते. प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहत आणि मनात आधी ठरवत तो अनेक महिन्यांच्या कष्टाने उठून बसायला, पुढे चालायला शिकला. दिवे गेले तर मात्र तो कोसळे. डॉक्टर जोनाथन कोल यांनी 1991 मध्ये त्याच्यावर पुस्तक लिहिले. हरवलेली जाणीव परत आली नाही, आणि चालणे त्याला पुन्हा कधी आपोआप जमले नाही. दिवसभर लक्ष द्यावे लागण्याचा थकवा ही त्याची किंमत होती.

अलीकडच्या संशोधनाने हा भार हलका करण्याच्या वाटा शोधल्या आहेत. जॉन जेका आणि जेम्स लॅकनर यांनी 1994 मध्ये दाखवले की बोटाचे टोक एखाद्या स्थिर पृष्ठभागाला नुसते टेकवले, शरीराचा भार मुळीच टाकला नाही, तरी डोल कमी होतो. बोट इथे आधार देत नाही. ते पायांऐवजी खबर देते. काठीचे महत्त्व त्यामुळे नव्याने समजले. रिचर्डसन यांच्या गटाने 2004 मध्ये न्यूरोपथीचे रुग्ण ओबडधोबड जागेवर, मंद उजेडात चालवून पाहिले, तेव्हा काठी, भिंतीचा स्पर्श आणि घोट्याचा पट्टा या तिन्हींनी चाल अधिक नियमित झाली. पायाखाली जाणवणार नाही इतक्या सौम्य कंपनाचे तळवेही करून पाहिले गेले. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मधुमेही न्यूरोपथीच्या रुग्णांचा डोल त्यांनी घटला. चीनमधली ताई ची ही संथ व्यायामपद्धती दीर्घकाळ करणाऱ्या न्यूरोपथीच्या रुग्णांत फायदा दिसला. 2014 मध्ये जर्मनीत लिम्फोमा या कर्करोगाच्या रुग्णांना केमोथेरपी चालू असतानाच तोलाचा सराव दिला गेला, आणि उपचारांनी होणारी तोलाची हानी त्यात कमी आढळली.

आज चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जाणाऱ्या रुग्णाची तपासणी 128 हर्ट्झच्या कंपकाट्याने, त्या नायलॉनच्या धाग्याने आणि रोम्बर्ग यांच्या चाचणीने होते. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून परत बसायला किती सेकंद लागतात तेही मोजले जाते. त्यानंतरचा सराव स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी होतो. दोन्ही हात टेकवून पाय जुळवायचे, मग एक हात सोडायचा, मग फक्त एक बोट ठेवायचे. त्यानंतर एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे ठेवून उभे राहायचे. डोळे मिटण्याचा भाग सर्वांत शेवटी, आणि शेजारी माणूस असतानाच. न्हाणीघरात घसरू न देणारी चटई आणि भिंतीला दांडी, पलंगापासून संडासापर्यंत रात्रीचा मंद दिवा, घरातही पायाला घट्ट बसणारी चप्पल, आणि तळव्याला काही लागले आहे का हे रोज आरशात पाहणे ही त्याच उपचाराची उरलेली बाजू. व्यायाम थांबला की मिळवलेले काही महिन्यांत ओसरू लागते, म्हणून तो दात घासण्याबरोबर किंवा चहा उकळेपर्यंत उभे राहण्यासारख्या रोजच्या कामाला जोडून देण्यावर आता भर असतो.